तेरा वर्षं गाळून अमेरिका शिकवू नका

इतिहास शिकवणाऱ्या, इतिहासाची पुस्तकं आणि गाईडं लिहिणाऱ्या आणि परीक्षेचे पेपर काढणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच आहे, त्यामुळे सरळ बोलतो. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आपण वर्गात कसं उरकतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडने कर लादले, ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ अशी घोषणा झाली, बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला, ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, यॉर्कटाउनला इंग्रज हरले आणि जॉर्ज वॉशिंग्टन पहिले अध्यक्ष झाले. सहा मुद्दे, पाच गुण, पोरगं मोकळं. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण हे सहा मुद्दे तोंडपाठ असलेल्या मुलाला एवढंच विचारून बघा: देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं १७७६ ला आणि वॉशिंग्टनांनी शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ ला, मग मधली तेरा वर्षं कारभार कोण बघत होतं? पोरगं तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं गाऱ्हाणं या गाळलेल्या तेरा वर्षांबद्दल आहे. लंडनला कर द्यायचा नाही म्हणून ज्यांनी बंड केलं, त्यांना स्वतःचं राज्य चालवायला पैसा कुठून आणायचा हे ठरवता येईना. अमेरिकेची राज्यघटना जन्मली ती या कोंडीतून. हा धागा सोडून दिला की उरतो तो नुसता ढोल-ताशांचा इतिहास.

आता सुरुवातीपासून बघू. सुरुवात तरी आपण नीट करतो का? ‘इंग्लंडने जुलमी कर लादले’ असं फळ्यावर लिहून पुढे जातो. कर लादले का, हे सांगत नाही. १७६३ ला इंग्लंड-फ्रान्समधलं सात वर्षांचं युद्ध संपलं. फ्रान्स हरला, कॅनडा इंग्रजांना मिळाला, पण ब्रिटनच्या डोक्यावरचं कर्ज सुमारे ७ कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या आसपास जाऊन पोचलं. शिवाय अमेरिकेत फौज ठेवायची तर तिचाही खर्च. इंग्लंडमधला माणूस आधीच वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. तुमच्या रक्षणासाठी लढलो, थोडा भार तुम्हीही उचला, असं लंडनच्या मंत्र्यांचं म्हणणं होतं, आणि हिशेबाच्या वहीपुरतं ते वेडगळ नव्हतं. त्याच वर्षी राजाने फर्मान काढलं की ॲपलाचियन डोंगरांच्या पलीकडे कुणी वस्ती करायची नाही. ज्या जमिनीसाठी लढलो तीच बंद, अशी वसाहतवाल्यांची भावना झाली.

मग १७६४ चा साखर कायदा. इथे मी वर्गात मुद्दाम थांबतो, कारण ‘जुलमी कर’ हे समीकरण इथेच डळमळतं. उसाच्या मळीवर आधी गॅलनला ६ पेन्स जकात होती. नव्या कायद्याने ती ३ पेन्स केली. जकात निम्मी झाली, आणि त्यावर आरडाओरडा झाला! कारण जुनी जकात कुणी भरतच नव्हतं. बोस्टनच्या आणि ऱ्होड आयलंडच्या रमच्या भट्ट्या चोरट्या मळीवर चालत आणि जकात अधिकारी चिरीमिरी घेऊन डोळेझाक करत. नवी जकात मात्र खरोखर वसूल होणार होती. शिवाय पकडलेल्या मालाचे खटले आता अशा नौदल न्यायालयांत चालवता येणार होते जिथे ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक पंच, नसत. गावातली ज्यूरी गावातल्या तस्कराला सोडून देते हे सरकारला ठाऊक होतं, म्हणून ही तजवीज. हा ज्यूरीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७६५ च्या मुद्रांक कायद्याने भांडण तस्करांच्या धक्क्यावरून वकिलांच्या कचेरीत आणि छापखान्यात आणलं. वर्तमानपत्र, करारनामा, परवाना, पदवीपत्र, अगदी पत्त्यांचा कॅट आणि फासे, सगळ्याला मुद्रांक. म्हणजे नेमके बोलण्या-लिहिण्यात पटाईत असलेले लोक सरकारने एकदम अंगावर घेतले. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या जमावाने लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर एका रात्रीत फोडून रिकामं केलं. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी दुसरा कायदा करून ठेवला की कोणत्याही बाबतीत वसाहतींवर कायदे लादण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. भांडण किती कर यावर नव्हतंच, अधिकार कुणाचा यावर होतं, आणि त्यात कुणीही एक पाऊल मागे घेतलं नव्हतं.

चहा, काच, कागद अशा आयात मालावरचे १७६७ चे टाउनशेंड कर आणि ५ मार्च १७७० ला ब्रिटिश सैनिकांनी बोस्टनच्या जमावावर केलेला गोळीबार आपण शिकवतोच. पाच माणसं मेली. मात्र गोळीबार करणाऱ्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं ते जॉन ॲडम्स यांनी, जे पुढे स्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते आणि देशाचे दुसरे अध्यक्ष झाले, हे कुणी सांगत नाही. सहा सैनिक निर्दोष सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. बंडाच्या उंबरठ्यावर उभं असलेलं शहर आरोपीला नीट वकील देत होतं. मला हा प्रसंग चहापेक्षा मोठा वाटतो.

पण चहा टाळून चालणार नाही. निदान तो सरळ शिकवू या. पुष्कळांचा समज असतो की चहावरचा कर वाढवला म्हणून लोक भडकले आणि बुडवलेला चहा हिंदुस्थानातला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. चहा चीनचा होता; आसामच्या चहाला अजून अर्धशतकाहून जास्त अवकाश होता. आणि १७७३ च्या चहा कायद्याने चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनीला लंडनचा लिलाव टाळून माल थेट अमेरिकेत पाठवायची मुभा मिळाली. पौंडभर चहाला ३ पेन्सचा जुना कर तेवढा राहिला. तो कर धरूनही कंपनीचा चहा तस्करीच्या डच चहाशी टक्कर देऊ शकला असता. स्वस्त चहाच्या मोहात लोक मुकाट्याने पार्लमेंटचा कर भरतील, ही खरी धास्ती होती. तस्करीवर गबर झालेल्या व्यापाऱ्यांचं पोट दुखत होतं ते वेगळं.

आणि कंपनीला ही सवलत का द्यावी लागली? कारण कंपनी बुडायला आली होती. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर तिथला कारभार विस्कटला होता, लंडनच्या वखारींत न विकलेला चहा पडून होता, आणि सरकारने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं. त्याच १७७३ साली त्याच पार्लमेंटने कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर अंकुश ठेवणारा रेग्युलेटिंग ॲक्ट केला. तो आपण ‘कंपनी राजवटी’च्या धड्यात शिकवतो आणि बोस्टनचा चहा ‘जगाचा इतिहास’ या धड्यात, जणू दोघांची कधी गाठच पडली नव्हती! एका दिवाळखोर कंपनीला वाचवण्यासाठी केलेले हे दोन कायदे. एकाने कलकत्त्याला गव्हर्नर जनरल बसवला, दुसऱ्याने अमेरिका घालवली. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन यांनी तेव्हाच लिहून बजावलं होतं की बंगालात ज्यांनी माणसं भुकेने मरू दिली तेच आता आपल्या दारात आले आहेत. हे दोन धडे शेजारी शेजारी ठेवायला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, शिकवणाऱ्याने मनावर घेतलं तरी पुरे.

बोस्टनची ती रात्रही नुसती साहसकथा म्हणून सांगू नका. ‘डार्टमाउथ’ हे चहाचं पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आलं. नियम असा की वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकातखातं माल जप्त करणार, म्हणजे चहा शेवटी किनाऱ्यावर येणारच. लोक म्हणत होते जहाज आल्या वाटेने परत पाठवा. गव्हर्नर झालेले हचिन्सन म्हणत होते जकात भरल्याशिवाय बंदर सोडायचा परवाना मिळणार नाही. चहाच्या अडत्यांमध्ये त्यांचे स्वतःचे दोन मुलगे होते, हेही सांगायला हवं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, १६ डिसेंबरला, हजारो लोक सभेला जमले आणि त्यांनी जहाजाच्या मालकाला परवाना मागायला पुन्हा गव्हर्नरकडे पिटाळलं. तो संध्याकाळी हात हलवत परत आला. त्यानंतर तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची जहाजं मात्र चहा न उतरवता परत गेली. एक हट्टी गव्हर्नर आणि एक जकातीची तारीख नसती तर बोस्टनचंही तसंच झालं असतं कदाचित.

पुढचं सगळं भराभर घडलं आणि भराभर शिकवलं तरी चालेल. शिक्षा म्हणून पार्लमेंटने केलेलं बोस्टनचं बंदर बंद, बोस्टन ज्याची राजधानी त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेची मोडतोड, सप्टेंबर १७७४ ला वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली सभा, म्हणजे काँग्रेस, १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि काँकर्डला पहिल्या गोळ्या. एवढं मात्र जरूर सांगा की गोळ्या सुटल्यानंतरही, जुलै १७७५ मध्ये, काँग्रेसने राजाला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने त्याची दखल न घेता त्यांना बंडखोर ठरवलं. आपण राजाची प्रजाच नाही, हे मनाशी कबूल करायला या माणसांना आणखी एक वर्ष लागलं. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या टॉमस जेफरसन यांचा गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा परिच्छेद काँग्रेसने काढून टाकला हेही सांगा. वसाहतींच्या सुमारे २५ लाख वस्तीत पाचेक लाख माणसं गुलाम होती.

युद्धाबद्दल एकच. १७७८ ला फ्रान्स उतरला, मग स्पेन, मग डच. इकडे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांची फौज कोंडून तह लिहून घेतला, पुढे हैदर अलीही उठला. ब्रिटन एका वेळी जगाच्या दोन टोकांना गुंतलं होतं. यॉर्कटाउननंतर पार्लमेंटनेच लढाई पुढे रेटायला नकार दिला त्याला ही पार्श्वभूमी आहे. (यॉर्कटाउनला शरण आलेले कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी इकडे गव्हर्नर जनरल म्हणून आले आणि त्यांनी बंगालात जमीनमहसुलाचा कायमधारा लावला. पोरांना हे सांगितलं की वर्गात हमखास खसखस पिकते.)

आता त्या तेरा वर्षांकडे येतो.

तेरा वसाहतींची तेरा राज्यं झाली आणि त्यांनी आपसांत एक करार केला. काँग्रेसने तो १७७७ ला मंजूर केला, मेरिलँडची सही होऊन तो लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडला. या करारात अध्यक्ष नाही, देशाचं न्यायालय नाही, आणि काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नाही. लांबच्या सत्तेच्या हाती खजिना दिला की काय होतं ते नुकतंच बघितल्यामुळे त्यांनी लांबच्या सत्तेच्या हाती काहीच ठेवलं नाही. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी जमेल तसे द्यायचे, किंवा द्यायचे नाहीत. बहुधा नाहीतच. आयातीवर पाच टक्के जकात बसवू द्या, अशी विनंती काँग्रेसने केली. करार बदलायला तेराच्या तेरा राज्यांची संमती लागे, आणि एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं. पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा न्यूयॉर्कने खोडा घातला. युद्धात छापलेल्या नोटांना कुणी विचारेना. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहालाच वेढा दिला आणि देशाच्या काँग्रेसला गाशा गुंडाळून प्रिन्स्टनला जावं लागलं. पॅरिसचा तह होऊन जगाने त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं ते याच वर्षी, अडीच महिन्यांनी.

मॅसॅच्युसेट्सने युद्धाचं कर्ज लवकर फेडायचं ठरवलं आणि कर वाढवले, तेही नाण्यांत भरायचे. खेड्यातल्या शेतकऱ्याकडे नाणं कुठलं? त्यातले बरेच जण युद्धात लढून आलेले. पगारापोटी त्यांना पुढे पैसे देण्याच्या हमीचे सरकारी कागद मिळाले होते, ते त्यांनी गरजेपोटी कवडीमोलाने विकले होते, आणि ज्या सावकारांनी ते घेतले त्यांची पूर्ण रक्कम चुकती करण्यासाठी आता त्यांच्याच जमिनी जप्त होत होत्या. १७८६ च्या ऑगस्टअखेर नॉर्थॅम्प्टनला शेकडो शेतकऱ्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून कोर्ट भरूच दिलं नाही. पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज युद्धात कॅप्टन होते. इंग्रजांविरुद्ध बोस्टनने जे केलं तेच हे लोक बोस्टनविरुद्ध करत होते, पद्धतही तीच. आणि त्यांना चिरडा म्हणणाऱ्यांत आघाडीवर कोण? सॅम्युएल ॲडम्स, बोस्टनच्या आंदोलनाचे सूत्रधार. राजाविरुद्धचं बंड एक वेळ क्षम्य, प्रजासत्ताकाविरुद्धचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. फौजेसाठी काँग्रेसकडे पैसा नव्हता, म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापाशी तोफ डागली गेली, चार शेतकरी मेले, बंड मोडलं. पण पुढच्या निवडणुकीत लोकांनी राज्याचा तेव्हाचा गव्हर्नरही घरी बसवला आणि नव्या गव्हर्नरने बहुतेकांना माफी दिली.

सॅम्युएल ॲडम्स ढोंगी होते का? माझ्या मते नव्हते. आपण निवडून दिलेल्या सभेने बसवलेला कर आणि आपल्याला मत नसलेल्या पार्लमेंटने बसवलेला कर यांत फरक आहे, हे त्यांना मनापासून वाटत होतं. पण ज्याची गाय कराखाली जप्त होते त्याला तो फरक किती दिसावा? हा प्रश्न मुलांपुढे टाकला की तास कधी संपतो कळत नाही.

त्याच १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला परिषद भरली. जुना करार दुरुस्त करा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तो बाजूला ठेवून नवी घटनाच लिहिली, तीही बंद दाराआड, बाहेर शब्द फुटू न देता. ५५ प्रतिनिधी आले, ३९ जणांनी सही केली. ऱ्होड आयलंड आलंच नाही. नव्या काँग्रेसच्या अधिकारांच्या यादीत पहिलाच अधिकार आहे कर बसवण्याचा. मात्र कराचं विधेयक सुरू व्हायचं ते थेट लोकांनी निवडलेल्या सभागृहात. प्रतिनिधित्व आणि कर यांची सांगड घटनेत घातली गेली ती अशी. आणि तिथेच ती विद्रूपही झाली, कारण प्रतिनिधींची संख्या आणि प्रत्यक्ष कर ज्या लोकसंख्येवर ठरायचे तिच्यात गुलाम माणूस तीनपंचमांश धरला गेला. त्याला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जादा जागा! आपण शिकवतो ती घोषणा इथपर्यंत आणून सोडली नाही तर अर्धीच शिकवली.

लोकांनी ही घटना डोक्यावर घेतली असंही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १८७ विरुद्ध १६८ मतांनी पास झाली, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. इतक्या सत्तेला लगाम कुठे आहे, असं विरोधक विचारत होते. त्यांच्या रेट्यामुळे १७९१ ला दहा दुरुस्त्या आल्या. त्यांत ज्यूरीचा हक्क आहे, घराघरांत सैनिक उतरवायला बंदी आहे. १७६४ ची ती नौदल न्यायालयं आठवतात ना?

नव्या सरकारच्या अगदी पहिल्या काही कायद्यांतला एक होता आयात जकातीचा. वॉशिंग्टनांनी त्यावर सही केली ती ४ जुलै १७८९ ला. जकातीच्या त्या यादीत मळी आहे आणि चहाही आहे. दोन वर्षांनी दारूवर अबकारी कर आला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी धान्य डोंगरापलीकडे नेणं परवडत नाही म्हणून त्याची व्हिस्की करून विकत. त्यांनी वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासलं, गावोगाव स्वातंत्र्याची खूण म्हणून उंच खांब उभारले आणि जुलै १७९४ मध्ये वसुलीचे प्रमुख जॉन नेव्हिल यांचं घर जाळलं. वॉशिंग्टन सुमारे १३ हजारांची फौज जमवून स्वतः निघाले. फौज पोचेपर्यंत बंडवाले पांगले होते. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली आणि वॉशिंग्टनांनीच ती माफ केली.

तास कमी असतात, निकाल लावायचा असतो, हे मला सांगू नका. मीही तेच भोगतो. काटायचंच असेल तर लढायांच्या तारखा काटा. बंकर हिल, ट्रेंटन यांच्या तारखा पाठ नसल्याने कुणाचं अडत नाही. शेज आणि व्हिस्कीवाले मात्र ठेवा.

पेपर काढणाऱ्यांना एवढंच सुचवतो. ‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे लिहा’ हा प्रश्न एकदा बाजूला ठेवा आणि त्या जागी हा घाला: ‘१७६५ साली हचिन्सन यांचे घर फोडणारे आणि १७९४ साली नेव्हिल यांचे घर जाळणारे यांच्यापैकी कोणाची बाजू अधिक न्याय्य होती? सकारण लिहा.’ दहा गुण. गाईडात याचं उत्तर मिळणार नाही.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक